नोंदीतले ‘बहुधा’ कुठे शोधायचे? ऑनलाइन संग्रहालयांविषयी वाचकांचे प्रश्न

लंडन, न्यूयॉर्क, ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयांतली चित्रे आता फोनवर हवी तेवढी मोठी करून बघता येतात. घोडे अडते ते चित्राखालच्या दहा-बारा ओळींपाशी. या वेळी आलेले जवळजवळ सगळे प्रश्न त्या ओळींचेच आहेत.

प्रश्न (सातारा): व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संकेतस्थळावर वाघनखांची नोंद वाचली. ती छत्रपती शिवाजी महाराजांची आहेत की नाहीत, हे संग्रहालय सरळ का सांगत नाही?

ही नोंद दोन तुकडे करून वाचा. पहिला तुकडा ग्रँट डफपासून पुढचा. जेम्स ग्रँट डफ १८१८मध्ये साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी, म्हणून आला, हे शस्त्र त्याच्याकडे आले आणि त्याच्या घराण्याकडून पुढे संग्रहालयात गेले. एवढा भाग पक्का आहे. दुसरा तुकडा त्याच्या आधीचा, म्हणजे १६५९च्या अफजलखान वधापासून १८१८पर्यंतचा. ही जवळजवळ १६० वर्षे. या काळात हे शस्त्र कुणाकडे होते, याचा कागद नाही.

मग महाराजांचे नाव नोंदीत आले कुठून? शस्त्रासोबतच्या डबीवर इंग्रजी मजकूर आहे. शिवाजीने मोगल सेनापतीला ज्याने मारले तेच हे, आणि पेशव्यांच्या प्रधानाने ते ग्रँट डफला दिले, असा त्याचा आशय. आता बघा, अफजलखान आदिलशाहीचा सरदार, आणि डबी त्याला मोगल ठरवते! लिहिणाऱ्याने ऐकीव माहिती लिहिली असावी, असे मला या एका चुकीवरून वाटते. संग्रहालय डबीवरचा मजकूर जसाच्या तसा देते आणि पुढे म्हणते की ही तीच वाघनखे आहेत याची खातरजमा करता आलेली नाही. ‘ही ती नव्हेत’ असेही ते म्हणत नाही. २०२४च्या जुलैत ती तीन वर्षांच्या करारावर महाराष्ट्रात आली आणि साताऱ्यात लोकांनी रांगा लावून पाहिली. त्या श्रद्धेला नोंदीतल्या एका वाक्याने काही होत नाही. पण तुम्ही शाळेत इतिहास शिकवता असे लिहिले आहे, म्हणून सुचवतो: ही नोंद वर्गात वाचून दाखवा आणि कोणते वाक्य कुणाच्या जबाबावर उभे आहे, ते मुलांनाच शोधू द्या.

प्रश्न (ठाणे): प्रत्येक वस्तूला ८९.१५.२१ असा काहीतरी क्रमांक असतो. त्याचा आपल्याला उपयोग काय?

फार. नोंदीतली सगळ्यात टिकाऊ गोष्ट तीच. शीर्षक बदलते, चित्रकाराचे नावही बदलते, पण संग्रह क्रमांक सहसा तोच राहतो. तुम्ही दिलेला क्रमांक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या, व्हर्मियर या डच चित्रकाराच्या चित्राचा आहे, पाण्याची झारी हातात घेतलेल्या तरुणीचा. ८९ म्हणजे ते १८८९मध्ये संग्रहात आले, १५ हा त्या वर्षीच्या आवकेचा अनुक्रम आणि २१ म्हणजे त्या आवकेतली एकविसावी वस्तू. हेन्री मार्क्वांड नावाच्या दात्याची ही देणगी. पंधरापर्यंतचाच भाग शोधपेटीत टाकलात तर त्याच्या देणगीतली बाकीची चित्रेही समोर येतात. एखाद्या संग्राहकाची आवड कळायला याहून सोपी वाट नाही.

प्रत्येक संग्रहालयाची रीत मात्र वेगळी. ब्रिटिश म्युझियमच्या १९७४,०६१७ अशा क्रमांकात नोंदणीची तारीखच असते: १७ जून १९७४. न्यूयॉर्कचे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट वर्ष शेवटी लिहिते. व्हॅन गॉगच्या ‘द स्टारी नाइट’चा क्रमांक ४७२.१९४१. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’वर एसके-सी-५ असे दिसेल. एसके म्हणजे रंगचित्रे आणि सी म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे, इथे ठेवायला दिलेले. एवढे जगप्रसिद्ध चित्र संग्रहालयाचे नसून ॲमस्टरडॅम शहराचे आहे, हे त्या एका अक्षरात लिहिलेले असते.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): लंडनच्या संग्रहात अजिंठ्याची चित्रे ‘कॅनव्हासवर तैलरंग’ म्हणून दिसली. लेण्यांतून काढून नेली का?

नाही. नोंदीतल्या तीन ओळी एकत्र वाचल्या तर उलगडा होतो. माध्यमात तैलरंग आणि कॅनव्हास आहे, आणि अजिंठ्याच्या भिंतींवर यांपैकी काहीही नाही. तिथे मातीच्या गिलाव्यावर रंगकाम आहे. काळाच्या ओळीत १८७२ ते १८८५च्या दरम्यानचे वर्ष सापडेल. आणि चित्रकार म्हणून पेस्तनजी बोमनजी, जयराव राघोबा अशी नावे. ही मुंबईच्या कलाशाळेतली, आजच्या जे. जे. स्कूलमधली मंडळी. जॉन ग्रिफिथ्स या शिक्षकाच्या देखरेखीखाली त्यांनी लेण्यांत बसून या नकला उतरवल्या. त्याआधी रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने केलेल्या नकला १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या होत्या. लंडनमधल्याच १८८५च्या आगीत ग्रिफिथ्सच्या चमूच्याही पुष्कळ गेल्या. उरल्या त्या आज तुम्हाला दिसतात.

नकल म्हणून त्यांना दुय्यम समजू नका. दीडशे वर्षांपूर्वी भिंतीवर काय दिसत होते, याची ती साक्ष आहे. आणि मला व्यक्तिशः दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. एरवी ‘मुंबई कलाशाळेचे विद्यार्थी’ एवढ्यावर ज्यांची बोळवण झाली असती, त्यांतल्या काहींची नावे या नोंदींत राहिली.

प्रश्न (पुणे): ‘ॲट्रिब्यूटेड टू’, ‘वर्कशॉप ऑफ’, ‘सर्कल ऑफ’ या सगळ्याचा अर्थ ‘खोटे चित्र’ असाच ना?

अजिबात नाही. नुसते नाव असेल तर संग्रहालय ठामपणे म्हणते की चित्र त्याच्याच हातचे आहे. ‘ॲट्रिब्यूटेड टू’ म्हणजे बहुधा त्याचे, पण सही वा कागद नाही. ‘वर्कशॉप’ किंवा ‘स्टुडिओ’ म्हणजे त्याच्या कारखान्यात, त्याच्या नजरेखाली, पण हात शिष्याचा. ‘सर्कल’मध्ये त्याच काळातला, त्याच्या जवळपास वावरणारा कुणीतरी असतो. ‘फॉलोअर’ त्या वळणाने जाणारा, कधी नंतरच्या पिढीतलाही. ‘मॅनर ऑफ’ आले की समजावे, शैली त्याची आणि काळ बराच पुढचा. ‘आफ्टर’ म्हणजे त्याच्या मूळ चित्रावरून केलेली प्रत. राजा रविवर्मा यांच्या नावाने घरोघरी लागलेल्या छापील तसबिरी या शेवटच्या खात्यात जातात. मूळ कल्पना त्यांची, दगडावरचे काम छापखान्यातल्या कारागिरांचे. तिथे माध्यमाच्या ओळीत ‘क्रोमोलिथोग्राफ’ किंवा ‘ओलिओग्राफ’, म्हणजे दगडावरून काढलेला रंगीत छाप, असे असते. ‘ऑइल ऑन कॅनव्हास’ नसेल तर आजोबांच्या तसबिरीची किंमत लाखांत मोजू नका.

ही पायरी वर-खाली होत राहते. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टने ‘गर्ल विथ अ फ्लूट’ हे चित्र अनेक वर्षे व्हर्मियरच्या खात्यावर ठेवले होते. ऑक्टोबर २०२२मध्ये त्यांनी जाहीर केले की ते व्हर्मियरच्या स्टुडिओतले आहे, त्याच्या हातचे नाही. वरच्या थरांत रंगद्रव्य जाडेभरडे दळलेले निघाले आणि ब्रशही जड हाताने चालला होता. काही महिन्यांतच, २०२३मध्ये, राइक्सम्युझियमने आपल्या मोठ्या व्हर्मियर प्रदर्शनात तेच चित्र व्हर्मियरचे म्हणूनच लावले! एकच चित्र, दोन तज्ज्ञ संस्था, दोन मते. म्हणून नाव उतरवून घेताना कुणाच्या नोंदीतून आणि कोणत्या वर्षी घेतले, हेही लिहून ठेवावे.

आपल्याकडच्या लघुचित्रांत बहुतेकदा सहीच नसते. पण व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधल्या अकबरनाम्याच्या पानांवर खालच्या समासात लाल शाईने त्या काळच्या लेखनिकाने नावे टिपली आहेत: आखणी एकाची, रंगकाम दुसऱ्याचे. अकबर हवाई नावाच्या हत्तीवर बसला आहे त्या प्रसंगात आखणी बसावनची आणि रंग चेतरचे. अशा नोंदीत दोन नावे दिसली तर गोंधळू नका, दोघेही खरे.

प्रश्न (नागपूर): ‘१०१२ / १६०३–०४’ असे दोन-दोन सन का देतात?

पहिला हिजरी, दुसरा इसवी. हिजरी वर्ष इसवी सनाच्या मध्येच कुठेतरी सुरू होते, म्हणून ते दोन इसवी वर्षांवर पसरते. आपला शकही तसाच. ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौष-माघातली तारीख असेल तर ७९ धरावे लागतात. वर्षाआधी ‘सी.’ किंवा ‘सीए.’ असेल तर ते अंदाजे. मात्र शोधयंत्राच्या पोटात अंदाजालाही सुरुवात आणि शेवट द्यावा लागतो. ‘अंदाजे १६८०’च्या मागे १६७५ ते १६८५ असे काहीही भरलेले असू शकते. तेव्हा नेमके वर्ष टाकून शोधण्यापेक्षा वीस-तीस वर्षांची पट्टी टाका.

प्रश्न (लंडनहून एक मराठी वाचक): ‘क्रेडिट लाइन’मध्ये देणगीदाराचे नाव असते. म्हणजे चित्र त्याच्या मालकीचे होते ना?

‘गिफ्ट ऑफ’ (देणगी) किंवा ‘बिक्वेस्ट ऑफ’ (मृत्युपत्राने दिलेले) असेल तर सहसा होय. ‘पर्चेस’ शब्दापाठोपाठ नाव आले तर पैसे त्याचे, चित्र दुसऱ्याचे. मेट्रोपॉलिटनच्या असंख्य वस्तूंखाली ‘रॉजर्स फंड’ दिसतो. जेकब रॉजर्स रेल्वे इंजिनांचा कारखानदार होता. १९०१मध्ये तो वारला आणि संग्रहालयाला अफाट पैसा ठेवून गेला. त्या वस्तूंपैकी एकही त्याने पाहिली असेल असे समजायचे कारण नाही. सगळ्यात फसवे शब्द ‘बाय एक्स्चेंज’. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या ‘द स्टारी नाइट’खाली, त्या संग्रहालयाच्या एक संस्थापक लिली ब्लिस यांच्या मृत्युपत्राचे नाव आहे, पण त्या बाई १९३१मध्येच गेल्या आणि हे चित्र त्यांच्याकडे कधीच नव्हते. त्यांनी ठेवलेली दुसरी चित्रे देऊन संग्रहालयाने १९४१मध्ये हे घेतले.

प्रश्न (कोल्हापूर): ‘प्रॉव्हेनन्स’ म्हणून मालकांची लांबलचक यादी असते. ती वाचून चोरीचा माल ओळखता येतो का?

ओळखता येतो असे म्हणणार नाही, पण शंका कुठे घ्यायची ते कळते. ही यादी सातबाऱ्यावरच्या फेरफारांसारखी वाचावी: कुणाकडून कुणाकडे, केव्हा, कोणत्या आधारावर. अमेरिकन संग्रहालयांत विरामचिन्हांनाही अर्थ असतो. दोन मालकांमध्ये अर्धविराम असेल तर वस्तू थेट एकाकडून दुसऱ्याकडे गेली. पूर्णविराम असेल तर मध्ये खंड आहे. विक्रेत्याचे नाव पुष्कळदा कंसात असते. युरोपीय चित्रांत १९३३ ते १९४५चा खंड दिसला की नाझी काळातली लूट तपासतात. भारतीय मूर्तींबाबत दोन वर्षे ध्यानात ठेवा: सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा १९७०चा युनेस्कोचा करार आणि अशा वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंधन घालणारा १९७२चा आपला पुरावशेष कायदा. १९७०च्या आधी वस्तू भारताबाहेर होती, असे दाखवायचा आटापिटा का होतो, ते यावरून समजेल.

ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने २००८मध्ये नटराजाची चोलकालीन कांस्यमूर्ती न्यूयॉर्कचा विक्रेता सुभाष कपूर याच्याकडून सुमारे ५० लाख डॉलरना घेतली. सोबतच्या कागदांनुसार ती फार पूर्वीच भारताबाहेर गेलेली होती. प्रत्यक्षात ती तमिळनाडूतल्या श्रीपुरंतनच्या मंदिरातून अलीकडेच चोरलेली होती. २०१४मध्ये ती परत आली, आणि २०२२मध्ये कपूरला तमिळनाडूतल्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा सुनावली. सांगायचे एवढेच, की यादी सलग आणि गुळगुळीत असली तरी प्रत्येक नावामागे कागद कोणता, हे विचारलेच पाहिजे. प्रामाणिकपणे दाखवलेला खंड मला फार नीटनेटक्या यादीपेक्षा परवडतो.

प्रश्न (बेळगाव): राइक्सम्युझियममध्ये शिवाजी महाराजांचे चित्र आहे असे ऐकले. शोधून सापडत नाही.

ते सुटे चित्र नाही, अल्बममधले पान आहे. ॲमस्टरडॅमचा एके काळचा महापौर निकोलास विट्सन याच्या नावाने हा ४९ लघुचित्रांचा अल्बम ओळखला जातो. गोवळकोंडा, साधारण १६८६, म्हणजे महाराजांच्या निधनानंतरचा. आधी ‘विट्सन’ टाका, मग अल्बमची पाने चाळा. महाराजांचे आणखी एक दख्खनी चित्र ब्रिटिश म्युझियममधल्या अशाच एका अल्बममध्ये आहे.

एरवीही रोमन लिपीत एकच नाव चार तऱ्हांनी टाकून पाहावे: शिवाजी ‘एस-एच’ने आणि नुसत्या ‘एस’ने, मराठा ‘टी-एच’ने आणि मधल्या ‘एच’ने, पुणे ‘पूना’ म्हणून. नोंद भरणाऱ्या कारकुनाने जुन्या चिठ्ठीवरचे स्पेलिंग जसेच्या तसे उतरवलेले असते. नाव चालले नाही तर ‘डेक्कन’ टाकून काळाची पट्टी लावा.

प्रश्न (पणजी): पुस्तकाच्या मुखपृष्ठावर अशी चित्रे फुकट वापरता येतात का?

संग्रहालयावर अवलंबून. मेट्रोपॉलिटनने फेब्रुवारी २०१७पासून स्वामित्वहक्क संपलेल्या कलाकृतींची छायाचित्रे कुठल्याही वापरासाठी खुली केली आहेत. नोंदीवर तशी खूण असते. राइक्सम्युझियमही उदार आहे. ब्रिटिश म्युझियम बिगरव्यापारी वापरालाच मोकळीक देते, आणि विकायचे पुस्तक व्यापारी ठरते.

प्रश्न (सांगली): नोंदीत उघड चूक दिसली तर कळवावे का?

जरूर. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या पानाच्या तळाशी नोंद केव्हा तयार झाली ती तारीख असते आणि सूचना पाठवायची सोयही. वीस वर्षांपूर्वीची तारीख दिसली तर तुमची सूचना उपयोगी पडायची शक्यता वाढते. पत्रात संग्रह क्रमांक आधी लिहा, चूक एका वाक्यात सांगा, पुरावा जोडा. मोडी किंवा देवनागरी मजकूर चुकीचा वाचला असेल तर तुमचे वाचन अक्षरशः लिहून पाठवा आणि सोबत त्या जागेचा मोठा केलेला फोटो द्या. उत्तराला महिने लागतात. लहान संग्रहालयांत नोंदींचे काम एकाच माणसाच्या टेबलावर असते.