गोवा की माथेरान? आणि तिथं बोलायचं काय?

डोंबिवलीच्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. लग्नाला 13 वर्षं झालीत. मुलगी 10 वर्षांची, मुलगा 6 चा. दोघं नोकरी करतात, सासूबाई सोबत राहतात. एवढ्या वर्षांत मुलांशिवाय एक रात्रही बाहेर काढलेली नाही. आता सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, "जा दोन दिवस, मी आहे." त्यालाही दोन महिने झाले. नवऱ्याला गोवाच हवा आहे. हिला कुठंतरी शांत ठिकाणी झोपायचं आहे. मुलाला हवा बदलली की धाप लागते, घरात नेब्युलायझर आहे, त्यामुळे लांब जायची तिला भीती वाटते. रोज रात्री मोबाइलवर हॉटेलं बघायची, भांडायचं आणि झोपायचं, असं चाललंय. पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य आहे: "ताई, मी माथेरानचं नाव काढलं तर तो म्हणाला, तिथं काहीच नाही, आपण दोघं दोन दिवस बोलणार काय? तेव्हापासून मला कुठेच जावंसं वाटत नाही."

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, हा जागेचा प्रश्न आहे. ते शेवटचं वाक्य वाचलं तेव्हा कळलं की दोन महिने हॉटेलं बघूनही तुमचं का ठरत नाही. तू त्या वाक्याचा अर्थ लावलास, "याला माझ्याशी बोलण्यासारखं काही उरलं नाही." मला त्यात भीती ऐकू येते. तेरा वर्षांत तुमचं रोजचं बोलणं कशावर झालं? शाळेची फी, रिक्षावाल्या काकांची सुट्टी, दुधाचा हिशेब, मुलाची धाप, आईंचे गुडघे. हे सगळं काढून घेतलं तर मागे काय राहील, हे त्याला माहीत नाही. खरं सांग, तुला तरी माहीत आहे का? त्यानं ते बोलून दाखवलं, तू बोलली नाहीस, एवढाच फरक. गोव्याला समुद्र आहे, गर्दी आहे, संगीत आहे, काही ना काही चालूच असतं. तिथं शांततेला तोंड द्यावं लागत नाही. म्हणून त्याला गोवा हवा असेल, असं मला वाटतं. तुझा नवरा मला ठाऊक नाही, त्यामुळे हे तूच त्याला विचारून बघ.

आता माझं सांगते. माझी मुलं लहान असताना आम्ही दोघं असेच गणपतीपुळ्याला गेलो होतो. मुलं आईकडे साताऱ्याला ठेवली. मुंबईहून रात्रीची बस धरली, एक रात्र तिथं राहिलो आणि परत रात्रीच्या बसनं आलो. म्हणजे तीन रात्रींपैकी दोन बसमध्ये गेल्या. जाताना घाटात बस बिघडली, तीन तास रस्त्याच्या कडेला बसलो. पोचले तेव्हा माझं डोकं इतकं ठणकत होतं की समुद्राकडे पाहायचीही इच्छा नव्हती. संध्याकाळपर्यंत झोपले आणि उठून रडले, कारण सुट्टी झोपेत गेली. त्या प्रवासातला माझ्यापाशी उरलेला एकच तास आहे, दुसऱ्या दिवशी सकाळचा. आम्ही वाळूवरून चालत होतो, एकमेकांकडे न बघता. चालता चालता नवरा म्हणाला, "मला ही नोकरी सोडायची आहे." दीड वर्षं ते त्याच्या मनात होतं. घरात रोज समोरासमोर बसून जेवायचो आम्ही, तरी तिथं त्याला ते बोलता आलं नव्हतं.

तेव्हापासून मी दोन रात्रींची जागा निवडताना एवढंच बघते, की जागेपणी हाताशी किती तास लागतील आणि त्या तासांत आम्ही शेजारी शेजारी चालू का. जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसलं की बोलायलाच हवं असं दडपण येतं. चालताना गप्प राहिलं तरी चालतं, आणि तसं असलं की बोलणं आपोआप निघतं.

या हिशेबानं गोवा बघ. ठाण्याहून वंदे भारत धरलीस तरी मडगावपर्यंत साताठ तास, पावसाळी वेळापत्रकात आणखी जास्त. स्टेशनवरून उत्तर गोव्याच्या किनाऱ्यांवर जायला पुन्हा तास-दीड तास. दोन रात्रींच्या सुट्टीतला एक अख्खा दिवस जाण्यात आणि एक येण्यात संपतो. उरलेल्या एका दिवसात त्याला सगळं बघायचं असेल, तुला झोपायचं असेल. भांडण तिथंही सोबत येईल. गोवा वाईट म्हणत नाही मी. गोव्याला चार रात्री द्या, मुलांना घेऊन द्या, मे महिन्याची गर्दी टाळून द्या. या वेळी नको.

तू माथेरान म्हणालीस ते मला पटतं, आणि तू दिलेल्या कारणापेक्षा जास्त कारणांनी पटतं. कर्जत लोकल धरली की डोंबिवलीहून साधारण तासाभरात नेरळ. तिथून टॅक्सीनं दस्तुरी नाका. त्यापुढे मोटार नाही. माणशी प्रवेश कर भरायचा आणि अडीच-तीन किलोमीटर लाल मातीतून चालायचं, नाहीतर अमन लॉज स्टेशनवरून छोट्या रेल्वेगाडीची शटल धरायची. नेरळवरून वर जाणारी ही गाडी 1907 साली सुरू झाली. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो, वरची शटल मात्र चालते. 2003 साली केंद्र सरकारनं माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलं आणि मोटारगाड्यांवरची बंदी आजही तिथली सगळ्यात मोठी चैन आहे. हॉर्न नाही, पार्किंगचं भांडण नाही, "गुगल काय सांगतंय बघ" नाही. गाडी कोणी चालवायची आणि कोणी रस्ता दाखवायचा यावरून होणारी वादावादी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे किती मोठं आहे ते कळेल.

दुसरं कारण तुझ्यासाठी. तिथल्या बऱ्याच हॉटेलांचे दर जेवणासकट असतात. "आज काय करायचं" हा प्रश्न तू तेरा वर्षं रोज दोनदा सोडवते आहेस. दोन दिवस तो दुसऱ्या कुणाचा असू दे. बुक करताना आधी विचारून घे की सकाळी नाश्ता किती वाजेपर्यंत मिळतो. नऊला बंद होत असेल तर ते हॉटेल सोड. तुला झोपायचं आहे ना?

तिथं तीस-पस्तीस पॉइंट आहेत, आणि घोडेवाले ते सगळे दाखवायला तयार असतात. तुम्ही दोनच करा. एका सकाळी शार्लोट तलावाकडे जा, शेजारी पिसारनाथाचं देऊळ आहे, तिथं थोडं बसा. एका संध्याकाळी पॉर्क्युपाइन पॉइंटवर सूर्यास्त बघा, समोर प्रबळगड दिसतो. पॅनोरमा पॉइंटचा सूर्योदय सुंदर असतो, पण बाजारपेठेपासून तो चांगलाच लांब आहे. नवऱ्याला उत्साह आला तर त्यानं एकट्यानं जावं, तू झोप. जोडीनं गेलो म्हणजे प्रत्येक मिनिट जोडीनंच घालवायचं, असं कुणी सांगितलं? बूट जुने घाला, ती लाल माती काही केल्या निघत नाही. आणि हातात खाण्याची पिशवी धरून फिरू नका, माकडं हिसकावतात.

दिवस मात्र नीट निवडा. शनिवार-रविवारी आणि जोडून सुट्ट्या आल्या की माथेरानच्या बाजारपेठेत पाऊल ठेवायला जागा नसते. सोमवार ते बुधवार जा. तू लिहिलंयस की मुलांना सुट्टी असेल तेव्हा गेलेलं बरं, म्हणजे शाळेचा डबा-दप्तराचा भार आईंवर पडणार नाही. मला नेमकं उलटं वाटतं. शाळेच्या दिवसांत अर्धा दिवस शाळाच सांभाळते, संध्याकाळी क्लास, मग जेवण, मग झोप. सुट्टीत सहा वर्षांचं पोर सकाळी सातपासून "आई कधी येणार" विचारत राहतं आणि त्याचं उत्तर सत्तरीच्या बाईनं दिवसभर द्यायचं असतं. दोन दिवसांच्या डब्याचं बघून ठेव. पोळीवाल्या बाईंना आधीच सांगून दोन दिवस जास्तीच्या पोळ्या लावून घे, एवढंच.

आता मुलाची धाप. ही भीती खरी आहे, तिला "काही होत नाही गं" म्हणून मी उडवून लावणार नाही. आईंनी तुला नेब्युलायझर लावताना शंभरदा पाहिलं असेल, पण स्वतः लावलाय का? बहुतेक नसेल. जायच्या आधी दोन आठवडे प्रत्येक वेळी त्यांनाच लावू दे, तू बाजूला उभी राहा, हात लावू नकोस. निघण्याआधी मुलाला एकदा त्याच्या डॉक्टरांना दाखवून ये, आणि दोन गोष्टी लिहून घे: कोणतं औषध किती द्यायचं, आणि कोणती लक्षणं दिसली की घरी वाट न बघता दवाखाना गाठायचा. तो कागद मोठ्या अक्षरात फ्रिजवर लाव, आईंचा चष्मा लक्षात घेऊन. माथेरानहून अवेळी खाली उतरायचं म्हणजे आधी दस्तुरीपर्यंत यावं लागतं, रात्री ते पटकन होत नाही. म्हणून गरज पडली तर आधी कोण धावेल हे ठरवून ठेव. तुझी नणंद कल्याणला असते असं तू लिहिलंयस. तिला त्या दोन दिवसांपुरतं स्पष्ट सांग, "फोन वाजला की तू निघायचंस, आम्ही मागून येतोच." आणि त्याच आठवड्यात त्याला सर्दी झाली तर तारीख पुढे ढकल. हॉटेल बुक करतानाच तारीख बदलता येईल असं बघ, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

मुलांना चोरून निघू नका. हे मी हात जोडून सांगते. "झोपले की जाऊ" असं करणाऱ्या घरांतली मुलं पुढं महिनाभर रात्री उठून आई आहे का बघतात, मी पाहिलंय. दोन दिवस आधी सांग. धाकट्याला कॅलेंडरवर दोन खुणा करून दे: या दिवशी आई-बाबा जाणार, या दिवशी तू शाळेतून आलास की घरी असणार. फोन दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, रात्रीच्या जेवणाआधी. झोपायच्या वेळी नको, तेव्हा त्याला रडू येईल आणि मग तुलाही. मोठी दहा वर्षांची आहे, तिला धाकट्याची आई बनवू नकोस. "भावाकडे लक्ष दे" एवढं एक वाक्य तिच्या दोन दिवसांची मजा काढून घेतं.

समजा नवऱ्याला समुद्रच हवा असेल, तर त्याचंही ऐक. तेरा वर्षांनी त्यानं एक गोष्ट मागितली आहे. दोन रात्रींत बसणारा समुद्र तुमच्याजवळ आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट 2020 पासून सुरू आहे, गाडीसकट तासाभरात पलीकडे. पुढे किहीम, नागाव, रेवदंडा. आठवड्याच्या मधल्या दिवशी या किनाऱ्यांवर सकाळी चालायला भरपूर जागा असते. ओहोटीच्या वेळी अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं, पण भरतीची वेळ स्थानिक माणसाला विचारूनच पाऊल टाका. कधी तीन रात्री मिळाल्या तर गुहागर. चिपळूणपर्यंत रेल्वेनं, पुढे तासाभराचा रस्ता, सुरूच्या बनाला लागून लांबच लांब किनारा, गावात व्याडेश्वर. माझी सगळ्यात आवडती जागा ती, पण दोन रात्रींत मी स्वतःसुद्धा जाणार नाही.

आईंबद्दल एक. तू लिहिलंयस की "त्या मनापासून म्हणाल्या की टोमणा होता, कळत नाही." त्या "मी आहे" म्हणाल्यात. त्यावर विश्वास ठेव आणि येताना त्यांच्यासाठी फक्त चिक्की आणू नकोस. पुढच्या महिन्यात त्यांना त्यांच्या बहिणीकडे चार दिवस जायची सोय करून दे. त्याही बाई कधी एकट्या कुठे गेल्या आहेत का, विचार एकदा.

आज रात्री हॉटेलं बघू नका. मोबाइल बाजूला ठेव आणि त्याला सांग, "तू म्हणालास ना बोलणार काय, ते मला लागलं. आणि मलाही माहीत नाही आपण काय बोलू." एवढंच म्हण आणि थांब. त्याला लगेच उत्तर सुचणार नाही, सुचायला हवं असंही नाही. जेवणं आटपली, पोरं झोपली की सोसायटीच्या गच्चीवर दोन फेऱ्या मारा. तिथं तो जे बोलेल, किंवा बोलणार नाही, त्यावरून तुला कळेल की त्याला समुद्राचा आवाज हवा आहे की झाडांचा. मग तारीख ठरव, आणि मला कळव.

तुझी,
ताई