तयार कागदी पॅटर्न आणि आपलं माप

या वेळच्या पत्रांमध्ये सिंप्लिसिटी, मॅकॉल्स, बुर्डा वगैरे तयार पॅटर्नवरून (कापड बेतण्यासाठी छापून मिळणाऱ्या कागदी साच्यांवरून) ब्लाउज-स्कर्टचा जोड शिवण्याबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. ब्लाउज म्हणजे इथे साडीवरचा नव्हे. पुढे बटणांचा, सीटपर्यंत येणारा, बाह्यांचा ब्लाउज.

माझी छाती ३६, कंबर ३० आणि सीट ४० इंच. अमेरिकेहून आलेल्या पाकिटातल्या कागदावर १२, १४ आणि १६ अशा तीन नंबरांच्या रेषा आहेत. दुकानातला तयार ड्रेस मला १० नंबरचा बसतो. कोणत्या रेषेवर कापू? – पुणे

दुकानातला १० नंबर इथे धरूच नका. पॅटर्नचे नंबर तयार कपड्यांच्या नंबरांशी जुळत नाहीत, म्हणून पाकिटावरच्या तक्त्यातली अंगाची मापंच बघायची. अमेरिकी पॅटर्नमध्ये १४ नंबर म्हणजे साधारण ३६-२८-३८ आणि १६ नंबर म्हणजे ३८-३०-४०. तेव्हा तुमचा स्कर्ट सरळ १६च्या रेषेवर कापा. ब्लाउजचा गळा, खांदा आणि मुंढा (बाही जोडायची गोलाई) १४च्या रेषेवर ठेवा आणि मुंढ्याच्या खालून कमरेकडे येताना हळूहळू १६च्या रेषेला मिळा.

पण कात्री लावण्याआधी आणखी एक माप घ्या. टेप काखेतून, छातीच्या उभारावरून नव्हे तर त्याच्या वरच्या बाजूने फिरवा. हे पॅटर्न बहुधा बी कपसाठी बेतलेले असतात, म्हणजे वरची छाती आणि भरलेली छाती यांत सुमारे दोन इंचांचा फरक धरलेला असतो. वरचं माप ३४ आलं तर १४ नंबर बरोबर. ३२ आलं तर मात्र खांदा-गळा १२ नंबरवर कापून फक्त छातीपाशी वाढवावं लागेल. नुसता मोठा नंबर घेतला की छाती बसते, पण खांदे दंडावर उतरतात आणि गळा उघडा पडतो. हा दोष शिवून झाल्यावर निघत नाही. काही पाकिटांत बी, सी, डी कपचे पुढचे भाग वेगवेगळे दिलेले असतात. ती मिळाली तर अवश्य घ्या.

कपडा किती सैल होणार हेही आधीच कळतं. कागदावर छातीपाशी वर्तुळात फुली असते आणि तिथे तयार कपड्याचं माप छापलेलं असतं. ते ४० असेल तर ३६च्या छातीवर चार इंच सैल बसणार. तुम्हाला तेवढा सैलपणा नको असेल तर नंबर बदलायचा निर्णय इथेच घ्या.

माझी उंची ५ फूट १ इंच. ब्लाउजची कंबर खाली उतरते आणि पाठीत कापड गोळा होतं. – नागपूर

हे पॅटर्न साधारण साडेपाच फूट उंचीच्या बाईसाठी काढलेले असतात. मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत पाठीची लांबी मोजा. १४ नंबरला ती साडेसोळा इंच धरलेली असते. तुमची साडेपंधरा भरली तर एक इंच कमी करायचा, पण तो खालच्या कडेतून नाही. मुंढा आणि कंबर यांच्यामध्ये दुहेरी रेषा छापलेली असते, तिथे अर्धा इंच खोल आडवी घडी घाला. पुढचा भाग, मागचा भाग आणि पुढची पट्टी, तिन्हीला तेवढीच घडी हवी. एक राहिला की शिवणी जुळत नाहीत. घडीमुळे बाजूची रेषा तुटते, ती पट्टीने नीट जोडून घ्या. शेवटी काजांच्या जागा नव्याने आखा: एक काज छातीच्या उभारावर यायलाच हवं, बाकीची तिथून सारख्या अंतरावर.

सहा कळ्यांचा स्कर्ट अगदी मापाने कापला, तरी कमरेत दीड इंच सैल झाला. – एडिसन, न्यू जर्सी

टीप अर्ध्या इंचावर मारली असणार. या पॅटर्नमध्ये शिवणीची माया (टिपेबाहेर सोडलेलं कापड) ५/८ इंच, म्हणजे सुमारे दीड सेंटिमीटर, धरलेली असते. प्रत्येक शिवणीत दोन कापडं, म्हणून १/८ चा फरक दुप्पट होतो, आणि सहा शिवणी मिळून नेमका दीड इंच भरतो. मशीनच्या पट्टीवर खूण नसेल तर सुईपासून ५/८ इंचावर रंगीत चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला धरून चालवा.

बुर्डा मासिकातून उतरवलेला पॅटर्न सगळीकडून तंग झाला. – इंदूर

त्यात माया नसतेच. रेषेबाहेर शिवणीला दीड सेंटिमीटर आणि खालच्या दुमडीला चार सेंटिमीटर स्वतः सोडा.

पाकिटावर ४५ इंची पन्ह्याचं अडीच वार कापड लिहिलंय. इथे ३६ इंची पन्हा मिळतो. किती घ्यावं? – कोल्हापूर

अडीच वार म्हणजे जवळपास २.३० मीटर. ३६ इंची पन्ह्यात हिशेबाने २.८५ मीटर होतं, पण नुसत्या हिशेबावर जाऊ नका. दुहेरी घडीत १८ इंचच रुंदी मिळते आणि घेरदार स्कर्टचा भाग तिच्यात मावत नाही. तो एकेरी कापडावर दोनदा कापावा लागतो. जमिनीवर ३६ इंचांची पट्टी आखून कागद मांडून बघा, मग दुकानात जा. एकाच दिशेची नक्षी किंवा चौकडा असेल तर आणखी वाढवा. सुती कापड बेतण्याआधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करा. मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर आटू शकतं.

मांडताना कागदावरच्या बाणाची दोन्ही टोकं कापडाच्या किनारीपासून सारख्याच अंतरावर हवीत, टेपने मोजून. अर्ध्या इंचाचाही तिरकेपणा राहिला तर चालताना शिवण पुढे फिरते.

बाही लावताना वर चुण्या पडतात. आमच्या शिंप्याच्या बाहीला पडत नाहीत. – ठाणे

शिंपी बहुधा बाजूची शिवण उघडी असतानाच बाही लावतो आणि त्याच्या बाहीचा माथाही बसका असतो. तुमच्या पॅटर्नमधली बाही मुंढ्यापेक्षा इंच-दीड इंच मोठीच असते. ते जादा कापड चुणी न पडू देता जिरवायचं असतं.

आधी पुढची-मागची बाजू तपासा: बाहीच्या कागदाच्या कडेवर खुणेच्या खाचा असतात, एक खाच पुढे, दोन खाचा मागे. पुढच्या आणि मागच्या खाचांच्या मधल्या माथ्यावर मायेतच लांब टाक्यांच्या दोन टिपा घाला, एक शिवणरेषेच्या जरा आत आणि दुसरी कडेजवळ. खालचे दोरे ओढा. खांद्याच्या खुणेजवळचा एक इंच सपाट ठेवा, जादा कापड दोन्ही उतारांवर सारखं पसरा. टॉवेलची घट्ट गुंडाळी आत धरून वाफेची इस्त्री फिरवा. सुती कापड तिथेच बरंचसं आटून बसतं. मग बाहीची बाजू वर ठेवून शिवा, म्हणजे चुणी येतानाच दिसते.

पॉलिस्टर मात्र वाफेला दाद देत नाही. त्यासाठी कापण्याआधीच बाहीच्या माथ्यावर कागदाला पाव इंचाची आडवी घडी घाला. त्याने सुमारे अर्धा इंच जादा कापड कमी होतं.