रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशींवर प्रवाहाचा परिणाम अभ्यासायला मायक्रोफ्लुइडिक चिपच (बारीक चॅनेलमधून द्रव वाहू देणारी छोटी पट्टी) कशाला हवी, डिश शेकरवर ठेवून भागणार नाही का?

भागेल, पण अर्धेच. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील, म्हणजे एंडोथेलियल पेशींबद्दल आपण विचारले आहे, म्हणून त्यांच्यापुरतेच लिहितो. फिरत्या डिशमध्ये मध्यभागी आणि कडेला पेशींवर पडणारा ताण वेगवेगळा असतो, त्याची दिशाही सतत बदलत राहते. अशा डिशमधल्या सगळ्या पेशी एकत्र खरवडून आरएनए (कोणते जनुक किती चालू आहे हे दाखवणारा रेणू) काढला, तर हाती येते ती केवळ सरासरी. चिपच्या रुंद, उथळ चॅनेलमध्ये मात्र प्रवाह लॅमिनार, म्हणजे भोवरे नसलेला व थराथराने वाहणारा असतो आणि तळावरचा शिअर स्ट्रेस, म्हणजे वाहता द्रव तळाला घासून देतो तो ताण, थेट काढता येतो: द्रवाची श्यानता (घट्टपणा) आणि प्रवाहदर यांच्या गुणाकाराची सहापट घ्यायची आणि तिला चॅनेलची रुंदी आणि उंचीचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागायचे.

चॅनेल १ मिलिमीटर रुंद व १०० मायक्रॉन उंच असेल, मीडियमची (पेशी ज्यात वाढवतात त्या पोषक द्रवाची) श्यानता ०.७ मिलिपास्कल-सेकंद धरली आणि धमनीत आढळतो तसा १ पास्कल ताण हवा असेल, तर मिनिटाला सुमारे १४० मायक्रोलिटर प्रवाह लागतो. हा आकडा किरकोळ वाटतो, पण दिवसाला तो २०० मिलिलिटरच्या घरात जातो, म्हणून मीडियम फिरवून पुन्हा वापरण्याची सोय आधीच करावी लागते. सूत्रात उंचीचा वर्ग येत असल्याने चॅनेल ज्यावर घडवतात तो साचा १०० ऐवजी ९० मायक्रॉनचा निघाला, तरी ताण जवळजवळ पावपट वाढतो. तेव्हा साच्याची उंची प्रत्यक्ष मोजल्याशिवाय कोणताही आकडा लिहू नये.

एवढा ताण मिळाल्यावर, स्थिर मीडियममध्ये फरशीसारख्या बहुकोनी दिसणाऱ्या पेशी साधारण दिवसभरात लांबट होतात आणि प्रवाहाच्या दिशेने वळतात. धमन्यांना जिथे फाटे फुटतात तिथे प्रवाह विस्कळीत असतो, पेशी अशा वळत नाहीत आणि अॅथेरोस्क्लेरोसिसचे, म्हणजे धमन्या अरुंद करणारे चरबीचे थरही मुख्यतः तिथेच साचतात; या अभ्यासाचे खरे महत्त्व मला यातच वाटते.

तुलनेसाठीच्या प्रवाहाविना पेशी डिशमध्ये नव्हे, तशाच चिपमध्ये वाढवाव्यात आणि त्यांचे मीडियम वरचेवर हलक्या हाताने बदलावे, नाहीतर फरक प्रवाहाचा की पीडीएमएस (चिप ज्याची बनवतात ते सिलिकॉन रबर) आणि अपुऱ्या मीडियमचा, हे ठरवता येत नाही. औषधांची चाचणी करणार असाल तर पीडीएमएस पाण्यात न विरघळणारे लहान रेणू शोषून घेते, हेही लक्षात ठेवावे. मीडियम आधी इन्क्युबेटरमध्ये ठेवून कोमट करावे आणि वाटेत बबल ट्रॅप (बुडबुडे अडवणारा भाग) बसवावा, कारण एक बुडबुडा चॅनेलमधून सरकला तरी त्याच्या वाटेतल्या पेशी सोलून निघतात.