ट्रेभर एकच कुकी झाली!

प्रश्न: मुलगी चार वर्षांची, मुलगा सहाचा. सुट्टी होती म्हणून दोघांना घेऊन कुकीज करायला बसले, तासभर मळणं, लाटणं, मोडून परत लाटणं चाललं होतं, पण ओव्हनमधून ट्रे काढला तर सगळ्या कुकीज पसरून एकमेकींना चिकटलेल्या. शिवाय मुलगी कच्चं पीठ खात सुटते. अंडं घातलं नाही तर खाल्लेलं चालतं का?

उत्तर: तासभर हाताळलंत ना, तिथेच गाडी अडली. मुलांच्या गरम हातात बटर मऊ पडतं आणि ओव्हनमध्ये कडा घट्ट व्हायच्या आधीच ते वितळून कुकी पसरते. त्यामुळे आकार कापून झाले की अख्खा ट्रे अर्धा तास फ्रीजमध्ये टाका. हा अर्धा तास मोठा कठीण असतो, "झालं का?" दर दोन मिनिटांनी. तेवढ्यात दोघांना भांडी विसळायला बसवा, पाणी सांडेल, सांडू दे.

प्रमाण अगदी सोपं ठेवा, 50 ग्रॅम पिठीसाखर, 100 ग्रॅम बटर, 150 ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ, बास. बेकिंग पावडरसुद्धा नको. आणि मुलांची सगळी ताकद मैदा घालायच्या आधीच खर्च करून टाका, म्हणजे बटर-साखर त्यांना फेटू दे हवं तेवढं, पण मैदा पडला की फक्त गोळा होईपर्यंत एकत्र करायचं, मळत बसलं की कुकी कडक होते.

कच्च्या पिठाचं मात्र नाहीच. अंडं नसलं तरी मैदा कच्चाच असतो, दळल्याने त्यातले जंतू मरत नाहीत, त्यात ई. कोलायसारखे पोट बिघडवणारे असू शकतात, ते नीट भाजल्यावरच मरतात. तिच्यासमोर मनुकांची वाटी ठेवा, तोंड चालू राहतं.

170 डिग्रीला 12 ते 15 मिनिटं, पण दहाव्या मिनिटापासून लक्ष ठेवा. कडा सोनेरी झाल्या की काढायच्या, मधे मऊ लागलं तरी, गार होताना घट्ट होतात. गरम ट्रे अर्थात तुम्हीच धरायचा.

आणि साचे शक्यतो गोल घ्या. सशाच्या साच्यात कान आधी करपतात, मग त्या कानांवरून जी रडारड होते, आमच्याकडे एकदा झालीये.