घरचा पोरगा बेंचवर का बसवला?

गेल्या महिन्यात शाहू स्टेडियमवर आमच्या तालमीचा, म्हणजे पेठेतल्या मंडळाचा, फुटबॉल संघ उपांत्य सामन्यात टायब्रेकरवर, म्हणजे पेनल्टीच्या फैसल्यात, हरला. पूर्ण वेळेत 1-1, टायब्रेकरला 3-4. तालमीचं नाव लिहीत नाही. कोल्हापूरच्या वाचकाला ते सांगायला लागत नाही आणि बाहेरच्याला कळून उपयोग नाही. मी या संघाचा प्रशिक्षक, म्हणून संपादकांनी वाचकांकडून माझ्यासाठी प्रश्न मागवले आणि पत्रांचा गठ्ठा मी जिथं पी.टी. शिकवतो त्या शाळेत आणून टाकला. काही पत्रांत प्रश्न कमी आणि शिव्या जास्त. ती बाजूला काढली, पण वाचली. शिव्या देणाऱ्यांनीही सामना बारीक नजरेनं बघितलाय, एवढं मान्य करतो.

प्रश्न : तालमीच्या दारात वाढलेला पोरगा बेंचवर आणि बाहेरून आणलेला परदेशी खेळाडू पहिल्या मिनिटापासून मैदानात. मास्तर, तालीम आपली आहे की भाड्यानं दिली?
– एक जुने समर्थक (पेठेचं नाव लिहून त्यांनीच खोडलंय)

काका, तुमचं अक्षर ओळखलं. वर्गणीच्या वहीत तीस वर्षं बघतोय.

त्या पोराला विचारून त्याच्या परवानगीनं लिहितो. सामन्याच्या आदल्या रात्री तो शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत रात्रपाळीला होता. सकाळी सुटला, घरी येऊन अंघोळ केली, चहा-चपाती खाल्ली, तास-दीड तास पडला आणि वेळेच्या आधी स्टेडियमवर हजर. घोट्याला टेप बांधायला मी त्याचा पाय मांडीवर घेतला तर नडगीवर माझ्या अंगठ्याचा खळगा उठला आणि उठला तो लवकर भरेना. रात्रभर उभं राहून पाय सुजलेले. पोटरी लाकडासारखी. मी वर बघितलं तर म्हणतो, "मास्तर, मी ठणठणीत हाय." रजा का टाकली नाहीस विचारलं. दोन खाडे आधीच झालेले, तिसऱ्याला सुपरवायझर गेटवरनंच परत पाठवणार होता.

आता सांगा, असल्या पायावर त्याला पहिल्या मिनिटापासून पळवू? विसाव्या मिनिटाला त्याची पोटरी धरली असती आणि तुम्हीच गॅलरीतनं ओरडला असता, "मास्तरला दिसत न्हाई काय?" म्हणून शेवटच्या वीस मिनिटांसाठी राखून ठेवला. समोरच्या स्टॉपरचे, म्हणजे मधल्या बचावपटूचे, पाय तोवर जड झालेले. आमच्या बरोबरीच्या गोलाची फ्री किक त्यानंच मिळवली, हे तुमच्या पत्रात कुठं दिसलं नाही.

राहिला परदेशी पोरगा. त्याला दिवसभर दुसरं काम नाही. दुपारी झोप काढून येतो, म्हणून ताजा असतो. यात त्याचा गुन्हा काय? भाड्याच्या खोलीत एकटा भात शिजवून खातो. आणि काका, गेल्या हंगामात त्यानं दोन गोल मारले त्या रात्री त्याला घरी नेऊन तांबडा रस्सा कुणी वाढला होता? त्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं तरी "अजून घे" म्हणत होता तुम्ही.

घरचा-बाहेरचा हा वाद मलाही टोचतो. चार जागा बाहेरच्यांनी भरल्या की पेठेतल्या चार पोरांच्या घरी अंधार होतो, हे खरं आहे. पण त्याचा निकाल सामन्याच्या दिवशी यादी लिहिताना लागत नाही, तो हंगामाच्या तोंडावर नोंदणीच्या वेळी लागतो. तेव्हा तालमीत बैठक असते. त्या बैठकीला या. गेल्या वेळी अकरा जण होते, त्यातले दोन चहासाठी आलेले.

प्रश्न : टायब्रेकरच्या आधी कीपर का बदलला नाही? 2014 च्या वर्ल्डकपला हॉलंडच्या कोचनं बदलला आणि सामना काढला. तुम्ही फुटबॉल बघता की नाही?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, राजारामपुरी

बघतो बाळा. तो सामनाही जागून बघितला होता. 5 जुलै, कोस्टारिकाविरुद्ध 0-0. जादा वेळ संपता संपता कोच व्हॅन गालनं कीपर सिलेसनला काढून टिम क्रुलला आणलं. क्रुलनं दोन अडवले, 4-3 नं जिंकले. तुला क्रुल आठवतो. मी अकरा हंगाम कीपर होतो, मला सिलेसन आठवतो. बाहेर जाताना त्यानं पाण्याच्या बाटलीला लाथ मारली. दोन तास गोल खाल्ला नाही आणि ऐन वेळेला फलकावर त्याचा नंबर.

पुढची गोष्ट तू लिहिली नाहीस. चार दिवसांनी अर्जेंटिनाविरुद्ध पुन्हा 0-0, पुन्हा टायब्रेकर. तेव्हा हॉलंडचे तिन्ही बदल संपलेले होते. सिलेसनच उभा राहिला, एकही अडवता आला नाही, 2-4 नं हरले. आधी ज्याला "तुझ्याच्यानं होणार नाही" असं सगळ्या जगासमोर सांगितलं, त्यालाच मग उभं करायला लागलं. त्याच्यामुळंच हरले असं मी म्हणत नाही. पण कीपरच्या मनात काय चाललं असेल ते मी सांगू शकतो, कारण मलाही एकदा असंच काढलं होतं आणि नंतर चार सामने मला बॉल उशिरा दिसायचा.

शिवाय आमचा दुसरा कीपर एकोणीस वर्षांचा आहे. सरावात पेनल्टी चांगल्या अडवतो. पण सरावात गांधी मैदानावर त्याच्यामागं दोन म्हशी आणि सकाळी फिरायला आलेले चार जण असतात. शाहू स्टेडियमवर मागं समोरच्या पेठेची अख्खी गॅलरी. टायब्रेकरला आमच्या कीपरनं एक अडवला. हरलो ते आमचे दोन चुकले म्हणून.

प्रश्न : मग सरळ सांगा, पेनल्टी सगळ्यात चांगली मारणारा लेफ्ट हाफ बाहेर का काढला?
– याच मजकुराची सात पत्रं आहेत, सगळ्यांना मिळून एक उत्तर

चुकलं.

त्याला पूर्वार्धात पिवळं कार्ड मिळालं होतं. बरोबरी झाल्यावर त्याच्या अंगात वारं शिरलं, दोनदा मागनं पाय घातला. पंच दुसऱ्यांदा त्याला हातानं समजावत होते. मला वाटलं आता तिसऱ्याला लाल निघतंय, आपण दहा जणांवर येतोय. काढला. डोक्यात फक्त उरलेली आठ मिनिटं होती. त्याच्या पुढचा टायब्रेकर नव्हता.

त्याला बाहेर काढायला नको होतं, नुसता डाव्या विंगला पुढं सरकवायला हवा होता. तिथं पाय घालायची वेळच आली नसती. हे मला सुचलं ते घरी जाताना बिंदू चौकात, गाडी सिग्नलला उभी असताना. सिग्नल सुटला तरी मी तिथंच. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न मारला, मग मला ओळखून बाजूला येऊन म्हणाला, "मास्तर, लेफ्ट हाफ काढायला नको होता."

प्रश्न : एक गोल मागे असताना स्टॉपरला फॉरवर्डला पाठवलं. गोल झाला म्हणून वाचलात. हे गल्लीतलं फुटबॉल झालं. प्रशिक्षकाचं काहीतरी शास्त्र असतं की नाही?
– निवृत्त बँक अधिकारी, ताराबाई पार्क

साहेब, हे गल्लीतलं फुटबॉल 1962 मध्ये जकार्ताहून आशियाई सुवर्णपदक घेऊन आलंय.

तेव्हा आपले प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. पेशानं हैदराबादचे शाळामास्तर, म्हणून मला जरा जास्तच जवळचे. थायलंडविरुद्ध खेळताना जर्नेल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. जर्नेल म्हणजे आपला स्टॉपर, भिंत. त्या डोक्यानं मागं राहून येईल तो बॉल हेडनं काढणं जमणार नव्हतं. दुसरा कुणी असता तर त्याला बसवला असता. रहीमसाहेबांनी त्याला पुढं फॉरवर्डला खेळवला. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध आपण 3-2 नं जिंकलो, त्यात त्याचा गोल. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध 2-1, एक पी. के. बॅनर्जींचा आणि दुसरा परत जर्नेलचा. कीपर थंगराज तापातून उठलेला, त्यालाही थेट अंतिम सामन्यात उतरवलं. स्टेडियम भरलेलं आणि सगळं आपल्या विरोधात ओरडणारं. त्यानंतर आशियाई स्पर्धेत आपल्याला फुटबॉलचं सुवर्ण मिळालेलं नाही. रहीमसाहेब पुढच्याच वर्षी कर्करोगानं गेले.

मी काही रहीमसाहेब नाही. पण आमचा स्टॉपर सहा फुटांच्या वर आहे आणि समोरच्यांचे दोन्ही बॅक बुटके. फ्री किक मिळाल्यावर त्याला कुणाच्या अंगावर उभं करायचं हे आम्ही मंगळवार-बुधवार दोन दिवस घोटलं होतं. बॉल बरोबर तिथं पडला. तुम्ही गॅलरीत होता म्हणता, मग त्यानं उडी मारायच्या आधी एक पाऊल मागं घेतलेलं दिसलं असेल. त्या एका पावलासाठी मी दोन सकाळी बोंबलत होतो.

प्रश्न : संघ हरला की आमचे हे दोन दिवस जेवत नाहीत आणि बोलत नाहीत. लग्न होऊन मी सांगलीहून इथं आले तेव्हा मला वाटलं घरात कुणी गेलं की काय. तुमच्या घरी काय करतात?
– गृहिणी, शिवाजी पेठ

ताई, आमच्या घरी जेवायला वाढतात आणि टीव्ही बंद ठेवतात. तुमच्या यजमानांना म्हणावं, मास्तर स्वतः जेवलाय.

प्रश्न : गेल्या हंगामातला आपला उजवा विंगर समोरच्या पेठेच्या संघाला कसा गेला? तुम्ही अडवलं का नाही? आता तो आपल्यावरच गोल मारतो आणि आपल्या गॅलरीकडं बघून हात वर करतो.
– एक वाचक, सध्या पुणे, मूळ मंगळवार पेठ

हात वर करतो ते वाईट. हे मी त्याला स्वतः सांगितलंय, रंकाळ्यावर भेटला तेव्हा. मान खाली घालून ऐकलं.

पण तो गेला का, तर त्याला नोकरी मिळाली. समोरच्या तालमीच्या एका कार्यकर्त्यानं ओळखीनं लावून दिली. कायम आहे, दिवसपाळी आहे. आपल्याकडं त्याला काय होतं? मानधन, ते पण दोन हप्त्यांत, त्यातला दुसरा हप्ता दिवाळीनंतर. मी त्याला अडवला असता आणि उद्या गुडघा गेला असता, तर त्याच्या घरी धान्य भरायला पेठेतलं कोण जाणार होतं? तुम्ही पुण्यात नोकरीला गेला तेव्हा पेठेनं तुम्हाला अडवलं नाही. ईर्षा हवीच. ईर्षा नसती तर या गावात फुटबॉल राहिलाच नसता. पण ती मैदानात ठेवा. त्याच्या आईला भाजी मंडईत टोमणे मारले गेले, हे कानावर आलंय. ज्यांनी मारले त्यांना मी ओळखतो.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, वेगानं पळतो, दोन्ही पायांनी मारतो. अनिकेत जाधवसारखा करायचाय. सीनियर संघात कधी घ्याल?
– एक पालक, कसबा बावडा

इतक्यात नाही, आणि पंधराव्या वर्षीही घाई करणार नाही. अनिकेत 2017 मध्ये सतरा वर्षांखालील वर्ल्डकपला भारताकडून खेळला तेव्हा आम्ही सगळे टीव्हीला चिकटलो होतो. पण त्याचं नाव घेताना लोक एक विसरतात. तो लहानपणीच घर सोडून पुण्याला बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. त्याच्या वयाच्या पोरांबरोबर, त्याच्या वयाच्या पायांशी खेळून मोठा झाला. इथं आपण काय करतो? पोरगं जरा चमकलं की तेवीस-चोवीसच्या गड्यांसमोर सोडतो. पहिल्या सामन्यात टाळ्या, तिसऱ्यात घोटा. माझ्याच हातनं असा एक पोरगा गेलाय. सोळाव्या वर्षी मी उतरवला, मोठ्या सामन्यात, उत्साहाच्या भरात. आज तो भेटतो, हसून बोलतो, पण जिना चढताना कठडा धरतो.

तेव्हा चमकणं राहू दे. मंगळवारी सकाळी सहाला गांधी मैदानावर पाठवा, लहान गटात. पाऊस असेल तर येऊ नका, तिथं तळं होतं. बूट महागाचे घेऊ नका, वर्षात लहान होतात. पायाची नखं मात्र कापून पाठवा.