के आणि एफच्या मधलं अक्षर

प्रश्न : वडिलांच्या शेडमध्ये एक जुना भाग सापडला. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, एका टोकाला निमुळता शाफ्ट, दुसऱ्या टोकाला गोल झाकण आणि दोन्ही बाजूंना वायर बसायच्या काळ्या बॅकेलाइटच्या टोप्या. पाटीवर ‘लुकास’ वाचता येतं. खाली ‘के’ आणि ‘एफ’ दिसतात, पण मधलं अक्षर घासून गेलंय. भंगारवाला किलोवर मागतोय, तर एक जण म्हणतो बीएसए या ब्रिटिश मोटरसायकलचा आहे, लगेच देऊन टाका. नेमकं काय आहे आणि विकताना काय सांगू?
— एक वाचक, मिरज

उत्तर : हा मॅग्नेटो आहे, म्हणजे बॅटरीशिवाय प्लगला ठिणगी देणारा. किलोवर मुळीच देऊ नका. पण बीएसएचाच आहे असंही इतक्यात कुणाला लिहून देऊ नका.

के१एफ एका सिलिंडरचा, त्याला वायरची एकच टोपी असते. तुमच्याकडे दोन आहेत, म्हणजे तो बाद. उरतात दोन. के२एफ शेजारी-शेजारी सिलिंडर असलेल्या ट्विनचा (दोन सिलिंडरच्या इंजिनाचा) : बीएसए ए७ आणि ए१०, ट्रायम्फ, नॉर्टन डॉमिनेटर वगैरे. केव्हीएफ मात्र व्ही-ट्विनचा, म्हणजे इंग्रजी ‘व्ही’सारखे तिरके सिलिंडर असलेल्या इंजिनाचा, त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव म्हणजे व्हिन्सेंट. दोन्ही बाहेरून भावंडं दिसतात. किमतीत मात्र फरक पडतो, म्हणून मधलं अक्षर शोधायला एक दुपार घालवायला हरकत नाही.

आधी पाटी. वायर ब्रश, पॉलिश पेपर लांब ठेवा, उरलेली खूणही जाईल. रॉकेलच्या चिंधीने मळ काढा, खडूची पूड चोळून वरवर पुसा आणि अंधारात टॉर्च आडवा धरून बघा. पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवली तरी कधी कधी अक्षर उमटतं. शेजारी ‘६ ५४’ असे आकडे दिसले तर ते महिना आणि वर्ष, म्हणजे जून १९५४. ही मॅग्नेटो बनल्याची तारीख, गाडीची नव्हे. गाडीवर तो काही महिन्यांनीही बसलेला असू शकतो.

अक्षर नाहीच मिळालं तर झाकण काढा. आत कॅम रिंग असते. ती जागेवर राहते आणि पॉइंट (उघडून ठिणगी पाडणारे दोन संपर्क) शाफ्टबरोबर फिरतात. शाफ्टवर अंशांची चकती बसवा (शाळेतला गोल कोनमापक चालतो), बॉडीला तारेचा काटा बांधा. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून शाफ्ट हळूहळू फिरवा. कागद सुटला की आकडा लिहा. मल्टिमीटर लावण्यात अर्थ नाही, कारण प्रायमरी गुंडाळी पॉइंटला समांतर असल्याने पॉइंट उघडे असोत वा बंद, तो वाजतच राहतो.

एका फेरीत दोनदा कागद सुटेल. दोन्हींत १८० अंश निघाले तर के२एफ. १५५ आणि २०५ निघाले तर ५० अंशांच्या व्ही-ट्विनचा. हिशेब सोपा : अशा इंजिनात ठिणग्यांमध्ये क्रँक ३१० आणि ४१० अंश फिरतो, मॅग्नेटो त्याच्या निम्म्या वेगाने. दोन-तीन अंश इकडेतिकडे झाले तर रिंगची झीज समजा. २५ अंशांची झीज होत नसते.

फिरण्याची दिशाही नोंदवा. बॉडीवर बाण असेल तर उत्तम. नसेल तर दोन्हीकडे फिरवून बघा, बरोबर दिशेला ठिणगी जोरकस येते, उलट्या दिशेला मरगळलेली. दिशा न सांगता विकलेला मॅग्नेटो हमखास परत येतो. रिंग केबलने हलवायची सोय आहे की नाही, हेही लिहा. ठिणगीची वेळ पुढे घेणं (अ‍ॅडव्हान्स) हाताने की ऑटोमॅटिक, ते खरेदीदार विचारणारच.

ठिणगी तपासताना पॉइंटचा गॅप ०.३० मिमी (१२ थाउ, म्हणजे इंचाचे हजारांश) ठेवा. दोन्ही वायरी बॉडीपासून ५ मिमीवर पक्क्या बांधा. वायर मोकळी सोडून फिरवू नका, ठिणगी बाहेर जायला वाट न मिळाल्यास आतलं इन्सुलेशन फोडते. शाफ्ट फिरताना चुंबकाचा झटका लागायला हवा. झटका नाही तर चुंबक मेलाय. शाफ्ट चिकट, जड फिरत असेल तर गुंडाळीवरचं शेलॅक (लाखेचा लेप) वितळून आत चिकटलंय. पान्याने जोर लावू नका आणि स्पिरिट तर ओतूच नका, उरलेलं शेलॅकही विरघळेल.

आर्मेचर (आतला फिरणारा गुंडाळीचा भाग) बाहेर काढायचा मोह टाळा. काढायचाच असेल तर आधी दोन्ही टोप्या, अर्थ ब्रश आणि सेफ्टी स्क्रू काढावे लागतात. सेफ्टी स्क्रू विसरला की स्लिप रिंगची (आर्मेचरवरून टोप्यांना वीज देणाऱ्या कड्याची) कड तुटते, आणि बाजारात अशा तुटक्या रिंगा कमी नाहीत. आर्मेचर निघालं की चुंबकाच्या ध्रुवांना लोखंडी पट्टी लावून ठेवा, नाहीतर चुंबक कमजोर होतो.

जाहिरातीत ‘चालू’ असं लिहू नका. आतला कंडेन्सर थंड असताना साथ देतो आणि इंजिन तापलं की दगा देतो, हे टेबलावर कळत नाही. ‘थंड असताना दोन्ही वायरींना ५ मिमी ठिणगी, गरम चाचणी नाही’ एवढंच लिहा. फोटो पाटीचा, शाफ्टचा आणि फ्लँजचा, शेजारी पट्टी ठेवून. कोन मोजलेत तेही टाका. जाणकार गिऱ्हाईक त्या एका ओळीवर फोन करतं.

प्रश्न : माझ्याकडे एक जुना पिस्टन आहे. डोक्यावर ‘+४०’ आहे, स्कर्ट ७०.९ मिमी भरतो. बुलेटचा म्हणून विकू का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : +४० म्हणजे मूळ मापापेक्षा ४० थाउ, सुमारे १.०२ मिमी मोठा. पिन आडवी धरून, तिच्या काटकोनात स्कर्टच्या खालच्या भागात मापलं असेल तर मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिमीच्या आसपास येतो. बुलेट ३५० चा बोअर ७० मिमी खरा, पण बीएसए ए१० चाही ७०च आहे. फरक स्ट्रोकमध्ये (पिस्टनच्या वर-खाली धावेत) : बुलेट ९० मिमी, बीएसए ८४. तो पिस्टनवर लिहिलेला नसतो. म्हणून पिनचा व्यास, पिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची, रिंगांची संख्या आणि जाडी मोजा, आतल्या बाजूचा कास्टिंग नंबर वाचा आणि हे सगळं खरेदीदाराला द्या. ओळख त्यालाच पटवू दे. ए१० चा निघाला तर एकट्या पिस्टनला गिऱ्हाईक अवघड, तिथे जोडी लागते, तीही वजनाला जुळणारी.