सहासष्टाव्या वर्षी कँटरबरीला

प्रश्न : टार्ससचा (आजच्या तुर्कस्तानातलं शहर) थिओडोर हा ग्रीकभाषक भिक्षू सातव्या शतकात, वयाच्या ६६व्या वर्षी इंग्लंडमधल्या कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे प्रमुख बिशप झाला, असं वाचलं. रोमला दुसरं कुणी मिळालं नाही का? आणि त्या वयात त्यानं केलं तरी काय?
– एक वाचक

उत्तर : खरंच मिळालं नाही! कँटरबरीसाठी निवडलेला विगहार्ड अभिषेकासाठी रोमला गेला आणि तिथेच साथीत दगावला. मग पोप व्हिटालियननं नेपल्सजवळच्या मठाचा प्रमुख हेड्रियन याला गळ घातली. हेड्रियन मूळचा आफ्रिकेतला, मोठा विद्वान. त्यानं स्वतः नकार देऊन थिओडोरचं नाव सुचवलं. पोप तयार झाला, पण हेड्रियननंही सोबत जायचं, या अटीवर. थिओडोरनं तिकडे ग्रीक रीतीभाती रुजवू नयेत, म्हणून ही पहारेदारी.

मला सर्वांत आवडतो तो केसांचा घोळ. पूर्वेकडच्या पद्धतीनं थिओडोरनं डोकं सफाचट केलेलं. रोमन पद्धतीत टाळूवर मुंडण आणि भोवती केसांचं कडं लागे. ते कडं उगवेपर्यंत चार महिने थांबणं आलं. २६ मार्च ६६८ला अभिषेक झाला, २७ मेला रोम सोडलं आणि कँटरबरी गाठायला वर्ष लागलं. हेड्रियनला आणखी उशीर झाला. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन सम्राटाचा हस्तक असल्याच्या संशयावरून फ्रँकांच्या राज्यात (आजच्या फ्रान्समध्ये) तिथला प्रबळ कारभारी एब्रॉइन यानं त्याला अडकवून ठेवलं होतं.

तेव्हा इंग्लंड हे एक राज्य नव्हतं. केंट, मर्सिया, नॉर्थंब्रिया असे वेगवेगळे राजे होते. थिओडोर या सगळ्या भागांत फिरला. रिकाम्या जागी बिशप नेमले, हर्टफर्डला धर्मसभा भरवली. ईस्टर सर्वांनी एकाच दिवशी पाळायचा, बिशपनं दुसऱ्याच्या प्रांतात लुडबूड करायची नाही, असे नियम तिथे ठरले. कँटरबरीच्या शाळेत त्यानं आणि हेड्रियननं लॅटिन, ग्रीक, छंदशास्त्र, खगोल आणि पंचांगगणित शिकवलं. पहारेकरीच ग्रीकचा मास्तर झाला म्हणायचा! ७३१ साली बीड हा इंग्रज भिक्षू-इतिहासकार लिहितो, की त्यांचे काही विद्यार्थी या दोन्ही भाषा मातृभाषेइतक्याच सहज जाणत.

स्वभावानं हुकमी. पायीच हिंडण्याचा हट्ट धरणाऱ्या बिशप चॅडला त्यानं स्वतःच्या हातांनी उचलून घोड्यावर बसवलं. ६७९मध्ये मर्सियाविरुद्ध ट्रेंट नदीकाठी झालेल्या लढाईत नॉर्थंब्रियाच्या राजाचा भाऊ पडला, तेव्हा सूड घेण्याऐवजी भरपाईवर तडजोड घडवली तीही त्यानंच.

यॉर्कचा बिशप विल्फ्रिड याच्या बाबतीत मात्र तो मला पटत नाही. ६७८मध्ये नॉर्थंब्रियाच्या राजाशी बिनसल्यावर विल्फ्रिडला यॉर्कहून हाकललं गेलं आणि त्याला न विचारता थिओडोरनं त्याच्या प्रांताचे तुकडे केले. एवढा मोठा प्रांत विभागणं गरजेचंच होतं, पण ही पद्धत? विल्फ्रिडनं रोमला दाद मागितली. निकाल त्याच्या बाजूनं लागला, तरी परतल्यावर राजानं त्यालाच तुरुंगात टाकलं. थिओडोरनं समेट केला तो ऐंशी ओलांडल्यावर. ६९०मध्ये, ८८व्या वर्षी, तो वारला. उत्तरेची विभागणी पुढेही टिकली.